बीट नसलेले संगीत जोडताना

प्रश्न : मी अहमदपूरचा आहे. काकांच्या साउंड सर्व्हिसवर काम करतो. लग्नाच्या वराती, हळदी, गणपतीच्या आणि जयंतीच्या मिरवणुका हे आमचे वर्षभराचे काम आहे. रात्री घरी आल्यावर मात्र मी हेडफोन लावून शब्द नसलेले, ठेका नसलेले इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकतो आणि त्याचे तासातासाचे मिक्स करतो. तासाभरात साधारण वीस ट्रॅक बसवतो. सिंक (दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणारी सोय) लावूनही ते जुळत नाहीत, मधूनच सगळे गढूळ होऊन जाते. मित्रांना ऐकवले तर ते म्हणतात, झोप येते. लातूरला माझा मामेभाऊ ज्या अभ्यासिकेत बसतो, तिच्या मालकांनी संध्याकाळी दोन तास असे संगीत लावशील का, असे विचारले आहे. काका मात्र म्हणतात, दुसऱ्यांचे ट्रॅक एकामागून एक लावण्यात तुझे असे काय आहे? सोबत एक मिक्स पाठवत आहे. मार्गदर्शन करावे.

उत्तर : तुम्ही पाठवलेला मिक्स मी आधी हेडफोनवर आणि मग खोलीत स्पीकरवर मन लावून ऐकला. निवड चांगली आहे. जे ट्रॅक तुम्ही शोधून काढले आहेत ते सहज हाती लागणारे नाहीत आणि त्यांत दिखाऊ असे एकही नाही, म्हणजे कान तयार आहे. अडचण आहे ती जोडणीत, आणि तिचे कारण तुमच्या रोजच्या कामातच आहे. वरातीत डीजेला एकच गोष्ट काही झाले तरी सोडता येत नाही, ती म्हणजे लय. नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये, म्हणून एका गाण्याच्या ठेक्यावर दुसऱ्याचा ठेका अचूक बसवायचा आणि आठ-सोळा मात्रांत पहिले गाणे काढून घ्यायचे, ही सवय हातात मुरलेली असते. तुम्ही ऐकता त्या संगीतात, म्हणजे अँबियंट संगीतात, तो ठेकाच नसतो. तिथे ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याचे काम सुराकडे येते, आणि म्हणून मिक्स करणाऱ्याचे लक्षही लयीवरून सुराकडे गेले पाहिजे. बीटशिवाय मिक्स करण्याबद्दल मला जे काही सांगायचे आहे, ते सगळे या एका बदलातून निघते.

सिंकपासून सुरुवात करतो. तुमचे सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकचे विश्लेषण करून त्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते दाखवते, आणि ठेका नसलेल्या ट्रॅकलाही ते काहीतरी आकडा देतेच, कारण आकडा शोधण्यासाठीच ते बनवलेले आहे. एखाद्या सिंथेसायझरच्या हेलकाव्याला किंवा दूरवर वाजलेल्या घंटेला ते मात्रा समजते. सिंक चालू असेल तर त्या खोट्या आकड्यांच्या आधारे ते दुसऱ्या ट्रॅकचा वेग वरखाली करते आणि तुम्हाला न विचारता त्याचा बाज बदलून टाकते. तुमच्या मिक्समध्ये सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत जो एक संथ ट्रॅक उगाच घाईत असल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हेच असावे. या कामासाठी सिंक आणि क्वांटाइझ (तुमची प्रत्येक कृती ठेक्यावर बसवणारी सोय) दोन्ही बंद ठेवा.

आता सूर. प्रत्येक ट्रॅक कोणत्या तरी एका स्वरावर उभा असतो. तो स्वर शोधायला मोठे शास्त्र लागत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप घ्या, ट्रॅक चालू ठेवून ॲपचा षड्ज हळूहळू सरकवत न्या, आणि जिथे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जातात तिथे थांबा. हार्मोनियमच्या भाषेत तो काळी एक असेल, पांढरी पाच असेल. जो असेल तो वहीत लिहून ठेवा आणि तो थोडा चढा आहे की उतरता, हेही लिहा. सॉफ्टवेअरमधला ‘की’, म्हणजे ट्रॅकचा मूळ सूर, दाखवणारा रकाना मदतीला घ्यायला हरकत नाही, परंतु लांबलचक गुंजनाच्या ट्रॅकमध्ये तो पुष्कळदा पंचमालाच षड्ज समजतो, आणि स्वर किंचित चढा-उतरता असल्याचे तर तो बहुधा सांगतच नाही. जुन्या टेपवर ध्वनिमुद्रित झालेले संगीत तर प्रमाणित पट्टीत बसेलच असे नाही.

हा किंचित फरकच तुमच्या मिक्समधल्या गढूळपणाचे पहिले कारण आहे. समजा, एका ट्रॅकचे गुंजन ११० हर्ट्झवर आहे आणि दुसऱ्याचे ११३ वर. दोन्ही स्वतंत्रपणे ऐकले तर सुरेल वाटतील. एकत्र वाजताच मात्र दर सेकंदाला तीन ठोके पडतात, आवाज थरथरतो आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटू लागते. आता दुसऱ्या ट्रॅकचा वेग हळूहळू कमी करत जा. थरथर मंदावते, सेकंदाला दोन, मग एक, मग चार-पाच सेकंदांनी येणारी एक लाट, आणि सुमारे २.६५ टक्क्यांवर ती पूर्ण विरून जाते. मी स्वतः ती लाट अगदी नाहीशी होऊ देत नाही. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा उत्तम लागल्या असतानाही त्यांच्यात जी किंचित हालचाल उरते, तेवढी हालचाल दोन ट्रॅकमध्ये राहू दिली तर जोड जिवंत लागतो.

इथे एक महत्त्वाची तांत्रिक गोष्ट आहे. वेग बदलताना की-लॉक, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय, बंद ठेवा. वरातीच्या गाण्यात की-लॉक लागतो, कारण गायकाचा आवाज चिरका होऊन चालत नाही. तो चालू असताना सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा सांधते, आणि ढोल-ताशांच्या भरात ते सांधे लपून जातात. लांब धरलेल्या एकसंध स्वरात मात्र ते खडबडीत ऐकू येतात. की-लॉक काढला की वेग आणि सूर दोन्ही एकत्र हलतात, जुन्या तबकडीवर हलत असत तसे, आणि आवाजाचा पोत शाबूत राहतो. ठेका नसल्यामुळे वेग दोन टक्क्यांनी कमी झाला तर कोणाचे काहीच बिघडत नाही. वेगातला एक टक्का म्हणजे स्वरात साधारण १७ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट), आणि ६ टक्के म्हणजे जवळजवळ एक पूर्ण अर्धस्वर, एवढा हिशेब डोक्यात असला की पुरे. तीन टक्क्यांपेक्षा जास्त ओढावे लागत असेल, तर मी तो ट्रॅक तिथे लावायचा नाद सोडतो आणि दुसरा शोधतो. किंवा वेगळे नाते पाहतो: पहिल्या ट्रॅकच्या पंचमावर किंवा मध्यमावर दुसऱ्याचा षड्ज येत असेल, तर ते वळण फार सुंदर लागते. एकाच षड्जावर एका ट्रॅकमध्ये शुद्ध गंधार आणि दुसऱ्यात कोमल गंधार असेल, तर मात्र षड्ज कितीही काटेकोर जुळवा, ते भांडणारच.

हे मी परदेशी तंत्र म्हणून सांगत नाही. आपल्या दौलताबादला, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीला, तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने राहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. श्रुती कानाला कशा पटवाव्यात हे सांगताना त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेतल्या आहेत. त्यांपैकी ध्रुव वीणा लावलेली तशीच ठेवायची आणि चल वीणा एकेका श्रुतीने उतरवत न्यायची. दोन्ही शेजारी शेजारी वाजवायच्या आणि फरक कानाने मोजायचा. तुमच्या टेबलावरचे दोन डेक, म्हणजे ट्रॅक वाजवण्याच्या दोन बाजू, अगदी याच पद्धतीने वापरता येतात. जो ट्रॅक श्रोत्यांपर्यंत पोहोचला आहे त्याला हात लावायचा नाही. येऊ घातलेल्या ट्रॅकला हेडफोनमध्ये त्याच्याकडे सरकवत न्यायचे. मराठवाड्यातल्या मुलाने दोन डेकवर सूर जुळवणे हे कुठून तरी उसने आणलेले काम आहे, असे मला कधीही वाटलेले नाही.

दुसरे कारण घाई. तासाला वीस ट्रॅक म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटे, आणि त्यातही जोडणी अर्ध्या मिनिटात. या संगीतातला एखादा ट्रॅक आपली खोली उघडून दाखवायलाच तीन मिनिटे घेतो. मी तासाला सात-आठ ट्रॅकच्या पुढे सहसा जात नाही, आणि दोन ट्रॅक एकत्र वाजत राहतात तो काळ दोन ते चार मिनिटांचा असतो. ही मिनिटे मला सगळ्यांत मोलाची वाटतात, कारण त्या वेळात जे ऐकू येते ते दोन्हीपैकी कोणत्याही संगीतकाराने लिहिलेले नसते. पहिला ट्रॅक संपत आला आहे म्हणून दुसरा लावायचा, ही पद्धत सोडा. पहिल्याला जे सांगायचे होते ते सांगून झाले आणि आता तो तेच फिरून फिरून सांगत आहे, असे जाणवले की दुसरा आत आणायचा, मग त्याची आणखी पाच मिनिटे शिल्लक असली तरी चालेल.

नेमके कोणत्या क्षणी आत आणायचे, यासाठी ट्रॅकच्या श्वासाचे भान लागते. ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांनी १९७८ मध्ये विमानतळांसाठी म्हणून जे संगीत प्रसिद्ध केले, त्यातल्या एका भागात गायलेल्या एकेका स्वराच्या टेपची लांबलांब वेटोळी फिरत राहतात. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सुमारे २६ सेकंदांनी, तिसरा जवळजवळ ३० सेकंदांनी. प्रत्येकाचे फेरे वेगळे असल्यामुळे ते कधी एकत्र येतात, कधी लांब शांतता पडते, आणि ठेका नसूनही ऐकणाऱ्याला काळ पुढे सरकल्याची जाणीव राहते. पुष्कळ अँबियंट ट्रॅकमध्ये असे फेरे दडलेले असतात. घड्याळ घेऊन ते मोजा. फेरा संपून जिथे मोकळी जागा पडते, तिथे नवा ट्रॅक अगदी खालच्या पातळीवर सुरू केला की तो आला केव्हा, हे कोणाला सांगता येत नाही.

आवाजाच्या पातळीबाबत एवढेच की क्रॉसफेडरला, म्हणजे एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या आडव्या पट्टीला, हात लावू नका, प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारे दोन उभे फेडर वापरा. सरळ रेषेत चालणाऱ्या क्रॉसफेडरवर मध्यावर दोन्ही ट्रॅक ६ डेसिबलने उतरलेले असतात आणि त्यांची बेरीज मूळ पातळीपेक्षा साधारण ३ डेसिबल खाली भरते. गाण्यात हा खड्डा जाणवत नाही, इथे मात्र जमीन खचल्यासारखी वाटते. दोन्ही फेडर मध्यावर ३ डेसिबलच्या आसपास खाली ठेवले की पातळी सपाट राहते. फेडर ढकलायला दीड-दोन मिनिटे लागली पाहिजेत. हात अवघडतो, पण सवय होते.

बेसबद्दल तुम्हाला शिकवण्याची गरज नसावी, कारण मंडपात तुम्ही रोज तेच काम करता, आणि तरीही तुमच्या मिक्समध्ये दोन ट्रॅकचे खर्ज एकत्र वाजताना मला ऐकू आले. साधारण १५० हर्ट्झच्या खाली एका वेळी एकच ट्रॅक असावा. येणाऱ्या ट्रॅकला खर्ज गाळणारा हाय-पास फिल्टर लावून आत आणा, त्याचा वरचा भाग रुळू द्या, आणि मग एका लांब श्वासाइतक्या वेळात जुन्याचा खर्ज काढून नव्याचा सोडा. झटक्यात अदलाबदल केलीत तर ती वरातीतल्या ड्रॉपसारखी लागेल. रिव्हर्ब (घुमारा), इको (प्रतिध्वनी) यांचे बटण मात्र शक्यतो विसरून जा. या संगीतकारांनी स्वतःच इतका अवकाश त्यात भरलेला असतो की वरून आणखी ओतले तर काहीच धड दिसत नाही.

मित्रांना झोप येते, याचे वाईट वाटून घेऊ नका. या संगीताच्या इतिहासात झोपेला मानाचे स्थान आहे. अमेरिकेतले संगीतकार रॉबर्ट रिच यांनी १९८२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थी असताना रात्रभराच्या मैफिली सुरू केल्या, ज्यांना श्रोते झोपण्यासाठीच येत. १९८९ मध्ये लंडनच्या हेवन या क्लबमध्ये मुख्य नाचाच्या दालनाबाहेर थकलेल्यांसाठी वेगळी खोली होती. तिथे ॲलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी हे दोघे संथ, बिनठेक्याचे आवाज तासन्‌तास एकमेकांत मिसळत बसत, आणि आज आपण ज्याला अँबियंट डीजेगिरी म्हणतो तिच्यातला मोठा भाग अशाच खोल्यांतून आला. परंतु विसाव्याची झोप आणि कंटाळ्याची झोप यांतला फरक तुम्हाला ओळखता आला पाहिजे. त्यासाठी मित्रांना मत विचारू नका. ते गप्पा मारत असताना किंवा पेंगत असताना मिक्स चालू ठेवा आणि मध्येच एकदम बंद करा. कोणी मान वर करून पाहिले, कोणाची झोप चाळवली, तर संगीत त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. कोणाच्या लक्षातच आले नाही, तर निवड किंवा क्रम बदलायला हवा. इनो यांनी विमानतळांसाठीच्या त्या संगीताच्या वेष्टनावर लिहिले होते की ते दुर्लक्ष करता येईल असे असावे आणि तितकेच लक्ष देण्याजोगेही असावे. यातली दुसरी अट लोक सोयीस्करपणे सोडून देतात, आणि बाजारात मिळणारे पुष्कळसे तथाकथित ध्यानसंगीत त्यामुळेच पोकळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता लातूरच्या अभ्यासिकेचा प्रश्न, आणि इथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. ज्या हॉलमध्ये मुले वाचत बसतात तिथे संगीत लावू नका, मालकांनी कितीही आग्रह केला तरी. नीटची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ती मुले गावाकडून येऊन, पैसे भरून तिथे बसतात ती मुख्यतः शांततेसाठी. एखाद्याला संगीताने बरे वाटेल आणि शेजारच्याचे गणित अडेल. त्या दुसऱ्याला उठून जाण्याची सोय नाही. तुम्ही मालकांना सांगा की हॉलबाहेर जिथे मुले डबा खातात, चहा पितात, गच्चीवर पाय मोकळे करतात, तिथे संध्याकाळचे दोन तास मला द्या. लंडनच्या त्या क्लबातही ही जागा मुख्य दालनाला लागून होती, ज्याला हवे तो तिथे यायचा आणि ज्याला नको तो येत नसे.

तिथे काकांचे टॉप आणि बेसचे मोठे स्पीकर नेऊ नका. दोन छोटे स्पीकर पुरेत, आणि ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत, भिंतीकडे किंचित वळवून ठेवा, म्हणजे कोणा एकाच्या कानावर आवाज येणार नाही. दोन माणसे साध्या आवाजात बोलत असतील तर त्यांना आवाज चढवावा लागता कामा नये, ही पातळी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तुम्ही तिच्याही बरेच खाली राहिले पाहिजे. इतक्या हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून नवखा माणूस बेसचे बटण फिरवतो आणि मग भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये नुसता घुमारा पोहोचतो. त्यापेक्षा ज्यांचा जीव मधल्या सप्तकात आहे असे ट्रॅक निवडा: पियानो, व्हायब्राफोन, बासरीच्या जातीचे सिंथेसायझर.

जागा आधी जाऊन ऐका, आणि पंखे चालू असताना ऐका. आपल्याकडच्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे पंखे, ट्यूबलाइटचे चोक, इन्व्हर्टर हे सगळे प्रामुख्याने १०० हर्ट्झवर गुणगुणत असतात. पांढरी पाचचा खालचा स्वर ९८ हर्ट्झवर येतो. म्हणजे तुम्ही पांढरी पाचचा एखादा गुंजनाचा ट्रॅक तिथे लावलात, तर खोली आणि ट्रॅक यांच्यात सेकंदाला दोन ठोक्यांची थरथर सुरू होईल आणि तुम्ही उगाच वायरी तपासत बसाल. ट्रॅकचा वेग दोन टक्क्यांनी वाढवला की तो त्या गुणगुणीत बसतो, आणि पंख्यांचा आवाज जणू तुमच्याच मिक्सचा भाग होतो. मी अनेक ठिकाणी संध्याकाळची सुरुवात मुद्दाम या स्वरावर करतो, कारण खोलीचा आधीपासून चालू असलेला सूर धरून निघाले की संगीत कुठे सुरू झाले ते कळत नाही. जनरेटरवर मात्र याचा भरवसा नाही, लोड बदलला की त्याचा सूर हलतो.

तुमच्या मिक्समध्ये तीन ठिकाणी पावसाचा आणि एका ठिकाणी समुद्राचा आवाज आहे. ही ध्वनिमुद्रणे तयार मिळतात आणि सगळे वापरतात, म्हणून तुम्हीही घेतली असावीत. पण तुमचे श्रोते कोण आहेत, याचा विचार करा. लातूर, नांदेड, बीड, धाराशिवच्या शेतकऱ्यांच्या घरची ही मुले. मृगाचे नक्षत्र कोरडे चालले असताना त्यांना पावसाचा आवाज ऐकवणे वेगळे, आणि ऑक्टोबरात सोयाबीन काढून शेतात ढीग लावलेले असताना ऐकवणे वेगळे. त्या दिवसांत पत्र्यावर पाऊस वाजू लागला की माणूस आधी ताडपत्रीकडे धावतो. ज्या आवाजाने लंडनच्या श्रोत्याला विसावा मिळतो, त्याने आपल्या मुलाचा जीव घाबरा होऊ शकतो. बाहेरचा आवाज हवाच असेल तर मोबाइल घेऊन पहाटे शिवारात जा. वाळलेल्या ज्वारीच्या ताटांतून वारा कसा वाजतो, लांबच्या विहिरीवरची मोटर, रिकाम्या रस्त्यावरून जाणारी एकच मोटारसायकल, हे रेकॉर्ड करा आणि तेही फार थोडे वापरा, दोन तासांत एखाद-दोन वेळा.

दोन तासांचा क्रम लावताना वरातीसारखा चढता आलेख मनात धरू नका. मी पाहतो ती दाटी, म्हणजे एका वेळी किती गोष्टी ऐकू येतात ते, आणि उजळपणा, म्हणजे आवाजात वरचा भाग किती आहे ते. दोन्ही एकाच वेळी बदलायचे नाहीत. दाट आणि अंधाऱ्या ट्रॅकवरून विरळ आणि उजळ ट्रॅकवर एकदम उडी घेतली की सांधा दिसतो. आधी विरळ पण तितकाच अंधारा, मग त्यावरून उजळ, असे गेले की श्रोता सहज बरोबर येतो. सगळ्यांत आवडते दोन ट्रॅक शेजारी शेजारी ठेवू नका. मुले दहा मिनिटांची सुटी घेऊन येतील आणि जातील, दोन तास सलग कोणीच ऐकणार नाही, तेव्हा कोणत्याही दहा मिनिटांत आत शिरणाऱ्याला बसायला जागा मिळाली पाहिजे.

काकांचा प्रश्न मला रागाचा वाटत नाही, रास्त वाटतो, आणि त्याचे उत्तर त्यांना पटेल असे आपल्याकडेच आहे. काका सप्ताहाला साउंड लावत असतील, तर त्यांनी शेकडो कीर्तने ऐकली असतील. कीर्तनकार नरसीच्या नामदेवांचा अभंग घेतो, गंगाखेडच्या जनाबाईंचा घेतो, पैठणच्या नाथांचा घेतो. त्यातली एकही ओळ त्याची नसते. कोणत्या अभंगापाशी कोणता ठेवायचा, कुठे थांबायचे, टाळकऱ्यांना केव्हा उचलू द्यायचे, हे त्याचे असते, आणि त्यावरूनच लोक म्हणतात की अमुक महाराजांचे कीर्तन झाले. मात्र तो प्रमाण देताना संतांचे नाव कधी गाळत नाही. ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा अभंगातच असते आणि ती गायली जाते. तुमच्या मिक्ससोबत ट्रॅकची यादी आलेली नाही. ती नसेल, तर काकांचे म्हणणे खरे ठरते. कोणाचा ट्रॅक, कोणत्या वर्षाचा, हे अभ्यासिकेच्या फळ्यावर रोज संध्याकाळी स्वच्छ अक्षरांत लिहा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. लग्नसोहळ्यात आणि वरातीत वाजवलेल्या संगीताला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, म्हणून तुमच्या नेहमीच्या कामात हा प्रश्न फारसा येत नसेल. अभ्यासिकेला ती सूट लागू होत नाही. एक तर मालकांना संबंधित संस्थांचे रीतसर परवाने घ्यायला सांगा, नाहीतर ज्या संगीतकारांनी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आपले काम खुले केले आहे त्यांच्यातून निवड करा. या प्रकारच्या संगीतात असे पुष्कळ चांगले काम मिळते. परवान्यात व्यावसायिक वापराला किंवा बदल करून प्रसारित करायला मनाई असेल, तर त्या संगीतकाराला थेट ईमेल करून विचारा. मोठ्या नावांचे सोडा, बाकीचे बहुधा स्वतः उत्तर देतात आणि लातूरच्या गच्चीवर आपला ट्रॅक वाजणार म्हणून त्यांना आनंदच होतो. दुसरे म्हणजे फायली. कमी दर्जाच्या एमपी३ मध्ये विरत जाणारे आवाज आधी खराब होतात, आणि या संगीतात विरणे हेच अर्धे संगीत आहे. शक्य तिथे वेव्ह किंवा फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारांतल्या फायली घ्या. तासाभराची वेव्ह फाइल सीडीच्या दर्जात सुमारे ६३५ एमबी होते, म्हणजे दोन तासांचा मिक्स अगदी साध्या पेन ड्राइव्हवर मावतो.

पण पहिले काही आठवडे तयार मिक्स लावून निघून येऊ नका. स्वतः तिथे बसून हाताने वाजवा, मुले केव्हा बोलतात आणि केव्हा गप्प होतात ते पाहा, आणि परीक्षा जवळ आल्यावर त्यांना हे नको असेल तर त्या महिन्यात बंद ठेवण्याची मुभा मालकांशी बोलताना आधीच मागून घ्या.